हायड्रॉलिक अवजारांची निगा : तेलाच्या भरवशावर जीव टाकू नका

लातूर जिल्ह्यात आज लहानशा गावातही चार-दोन ट्रॅक्टर सहज दिसतात. उन्हाळ्यात पलटी नांगर, मृगाच्या तोंडावर रोटाव्हेटर, सोयाबीन निघाले की मळणी आणि वाहतूक, दिवाळीनंतर ऊस, पुढे तलावातला गाळ. ट्रॅक्टरला बाराही महिने उसंत नाही. यातली निम्मी-अधिक कामे हायड्रॉलिकवर होतात. लिव्हर ओढला की नांगर उचलतो, लिव्हर दाबला की ट्रॉलीचा हौदा उभा राहतो. पूर्वी दहा माणसे फावडी घेऊन ट्रॉली रिकामी करीत, तेच काम आता एकटा ड्रायव्हर दोन मिनिटांत करतो.

सोय मोठी झाली, पण तिची निगा कशी राखायची हे फारसे कोणी सांगत नाही. ट्रॅक्टर घेताना पूजा होते, हार पडतो, पेढे वाटले जातात. सोबत मिळालेले माहितीपुस्तक टूलबॉक्सच्या तळाशी जाते आणि ग्रीस लागून तिथेच राहते. पुढे लिफ्ट सुस्त झाली, जॅक गळू लागला की धुऱ्यावरच दुरुस्ती सुरू होते. खरा धोका इथेच आहे. अवजार चालताना माणूस सावध असतो, दोन हात लांब उभा राहतो. ते बंद पडले की मात्र तोच माणूस बिनधास्त त्याच्या खाली शिरतो. म्हणून या लेखात दुरुस्ती व देखभाल करतानाची काळजी मुद्दाम विस्ताराने दिली आहे.

गाळाच्या कामाने वाढलेला वापर

२०१६ चा दुष्काळ लातूरकर विसरलेले नाहीत. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याच उन्हाळ्यात लोकवर्गणीतून मांजरा नदीच्या पात्राचे खोलीकरण झाले. २०१७ मध्ये राज्य शासनाने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली. तलावातला गाळ माळरानावर आणि हलक्या जमिनीवर पसरायचा, म्हणजे तलावही खोल होतो आणि रानही सुधारते, असा हा दुहेरी फायदा. या कामात हायड्रॉलिक ट्रॉलीला मोठी मागणी असते.

पण गाळाची खेप जॅकवर ताण आणणारी असते. ओला गाळ जड असतो आणि हौद्याला चिकटून बसतो. मागची फळी उघडली तरी तो एकदम घसरत नाही. हौदा पूर्ण उभा, गाळ वरच्या टोकाला अडकलेला, आणि ड्रायव्हर खाली उभा राहून फावड्याने तो ओढतोय, हे दृश्य तलावाच्या काठी नेहमीचे. गाळ एका बाजूने निसटला तर ट्रॉली दुसऱ्या बाजूला कलंडते. जॅकचा पाईप फुटला तर हौदा खाली येतो. दोन्ही वेळी पळायला सवड मिळत नाही.

तेलात एवढे बळ येते कुठून?

हे एकदा समजून घेतले की भीती आणि बेफिकिरी दोन्ही जातात. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पसरतो, हा नियम फ्रान्सच्या पास्कल या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. ट्रॅक्टरचा पंप तेलाला साधारण दीडशे ते दोनशे किलो दर चौरस सेंटिमीटर इतका दाब देतो. समजा ट्रॉलीच्या जॅकचा आतला व्यास १० सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटिमीटर झाले. दाब १५० धरला तरी ७८.५ गुणिले १५० म्हणजे पावणेबारा टनांच्या आसपास जोर. मनगटाएवढ्या जाडीच्या नळकांड्यात एवढी ताकद कोंडलेली असते.

ट्रॅक्टरला मागे तीन दांड्यांनी अवजार जोडायचे आणि ते तेलाच्या दाबाने उचलायचे, ही पद्धत आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी रुजवली. त्यांनी त्याचे पेटंट १९२६ मध्ये मिळवले होते. त्याआधी नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटून चालक खाली सापडत असे. तीन दांड्यांच्या जोडणीने तो धोका पुष्कळ कमी झाला. पण उचललेल्या अवजाराखाली माणसाने शिरू नये, ही काळजी कोणत्याच यंत्राने आपल्यासाठी घेतलेली नाही. ती आपणच घ्यायची.

इंजिन बंद म्हणजे लिफ्ट बंद नव्हे

आपल्याकडचा सर्वात घातक गैरसमज हा आहे. "इंजिन बंद केलंय की साहेब, आता काय होतंय?" असे गावोगाव ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की अवजार उचलायला इंजिन लागते, खाली यायला लागत नाही. अवजाराचे वजन आणि उतरायला मोकळी वाट, एवढे पुरे. बंद ट्रॅक्टरवर बसलेल्या पोराने खेळताना लिव्हरला हात लावला तरी तीन-चारशे किलोंचा पलटी नांगर धाडकन खाली येतो. ट्रॉलीचेही तसेच. पाईप फुटला, सील गेले, जोड निखळला किंवा लिव्हर हलला, चारपैकी एक झाले तरी हौदा खाली.

म्हणून पहिला नियम असा : काम संपले की नांगर असो, रोटाव्हेटर असो की पुढचा लोडर, जमिनीवर टेकवूनच ट्रॅक्टर सोडावा. रात्रभर अवजार लटकत ठेवू नये. आणि दुसरा नियम : टेकू लावल्याशिवाय उचललेल्या अवजाराखाली डोकेसुद्धा घालू नये.

टेकू म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. विटांचा थर म्हणजे टेकू नव्हे, वीट दाबाने फुटते. मुरमात उभा केलेला दगडही नव्हे, तो सरकतो. साधा स्क्रू जॅक तिरपा लागला तर निसटतो. ट्रॉलीच्या चेसीवर बिजागरीने बसवलेली लोखंडी टेकूदांडी असावी आणि हौदा रिकामा करून, वर उचलून, ती खाचेत नीट बसवावी. अनेक ट्रॉल्यांना ती नसते, किंवा मूळची काढून टाकलेली असते. तालुक्याच्या ठिकाणी ट्रॉली बनविणाऱ्या चांगल्या कारागिराकडून हौद्याच्या वजनाला पुरेल अशी जाड दांडी बनवून घ्यावी. नांगर व रोटाव्हेटरसाठी चौरस तोडलेला बाभळीचा वा सागवानी ओंडका रुंद बाजू खाली ठेवून वापरावा. टेकू फक्त रिकाम्या हौद्याला लावायचा असतो. भरलेल्या ट्रॉलीखाली टेकू लावूनही जाऊ नये.

"पाच मिनिटांचं काम हाय, त्याला कशाला टेकू?" असे म्हणणारे भेटतात. टेकू लावायला दोन मिनिटे लागतात. हौदा खाली यायला तेवढीही लागत नाहीत.

बारीक गळती, मोठे दुखणे

होज पाईपला टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले की तेलाची धार इतकी बारीक निघते की उन्हात ती दिसतही नाही. पाईप ओला दिसतो म्हणून ड्रायव्हर त्यावरून हात फिरवून गळती शोधतो. हे कधीही करू नये. एवढ्या दाबाचे तेल कातडी फोडून थेट आत शिरते. हातमोजाही त्याला अडवू शकत नाही.

याची फसवी बाजू अशी की सुरुवातीला फार दुखत नाही. काटा बोचावा तसा ठिपका दिसतो, रक्तही येत नाही. माणूस हात पुसून कामाला लागतो. काही तासांत बोट सुजते, ठणका लागतो, आतले मांस कुजू लागते. वेळेवर शस्त्रक्रिया करून आतले तेल काढले नाही तर बोट, कधी हातही कापावा लागतो.

तेव्हा गळती शोधायची तर पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा तुकडा पाईपजवळून फिरवावा. तेलाचा डाग पडला की जागा सापडली. डोळ्यांवर चष्मा असावा, तोंड जवळ नेऊ नये. आणि कातडीत तेल गेल्याची नुसती शंका आली तरी हळद, चुना लावून घरी बसू नये. ठिपका दाबून तेल काढण्याच्या भानगडीत पडू नये. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात त्याच वेळी जावे. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे, नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "दाबाचं तेल कातडीखाली शिरलंय." तेलाचा डबा किंवा त्याचे नाव सोबत न्यावे. वरची जखम पाहून ती किरकोळ वाटते, म्हणून हे वाक्य सांगणे फार महत्त्वाचे आहे.

पाईप काढण्यापूर्वी दाब काढा

इंजिन बंद केले तरी पाईपमध्ये दाब कोंडलेला राहतो. अशा वेळी नट ढिला केला तर गरम तेल तोंडावर उडते. क्रम असा ठेवावा : ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा, हँडब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावेत. अवजार जमिनीवर टेकवावे, ट्रॉलीचा हौदा पूर्ण खाली घ्यावा. इंजिन बंद करून चावी काढून खिशात ठेवावी. मग हायड्रॉलिकचे लिव्हर तीन-चार वेळा पुढे-मागे करावे, म्हणजे अडकलेला दाब उतरतो. तेल थंड होऊ द्यावे. त्यानंतर नट थोडासा ढिला करून थांबावे, आणि तेल येणे बंद झाल्यावरच पूर्ण काढावा.

हौदा वरच अडकून बसला असेल तर? तर नटाला पानाच लावू नये. नट सुटताच हौदा कोसळणार हे ठरलेले. आसपासची माणसे व पोरे बाजूला काढावीत, ट्रॉली तशीच राहू द्यावी आणि क्रेन किंवा साखळी-पुलीची सोय असलेल्या जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. एका खेपेचे भाडे बुडेल, बुडू द्यावे.

रोजची, हंगामाची देखभाल

निगा चांगली असेल तर धुऱ्यावर दुरुस्तीची वेळच कमी येते. पुढील गोष्टी पाळाव्यात.

होज पाईप : रोज सकाळी नजर फिरवावी. वरचे रबर तडकलेले, फुगलेले किंवा आतली तार दिसू लागलेली असेल तर पाईप बदलावा. ट्यूबची पट्टी गुंडाळणे, तारेने आवळणे हे उपाय पाण्याच्या पाईपला चालतात, याला नाही. नवा पाईप त्याच दाबाचा आणि मशीनवर टोके दाबून घेतलेला असावा. पाईपला पीळ नसावा, तो चाकाला वा सायलेन्सरला घासू नये.

कपलिंग : आपली काळी माती वाळली की पिठासारखी बारीक होते. कपलिंग मातीत पडले आणि तसेच जोडले की ती धूळ थेट पंपात व व्हॉल्व्हमध्ये जाते. जोडण्याआधी दोन्ही टोके स्वच्छ कापडाने पुसावीत. काढल्यावर लगेच टोपण लावावे. टोपण हरवले असेल तर निदान स्वच्छ प्लास्टिक बांधावे.

तेल : पातळी तपासताना अवजार व हौदा खाली असावा. हौदा वर असताना तेल भरले तर तो खाली आल्यावर जादा तेल बाहेर येते. पुस्तकात दिले आहे तेच तेल वापरावे. बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते, त्यामुळे चुकीच्या तेलाने दोन्हींचे नुकसान होते. इंजिनमधून काढलेले जळके तेल यात कधीही घालू नये. तेल दुधासारखे पांढरट झाले तर त्यात पाणी शिरले आहे. फेस येत असेल तर पंप कुठून तरी हवा ओढतो आहे. काळे पडून जळका वास येत असेल तर तेल तापून खराब झाले आहे. फिल्टर किती तासांनी बदलायचा हे पुस्तकात पाहून तितक्या तासांनी बदलावा.

जॅकची दांडी : तिच्यावरचा चकचकीत थर म्हणजे सीलचे आयुष्य. त्यावर हातोडा लागू देऊ नये, वेल्डिंगचे थेंब उडू देऊ नयेत. दांडीला चरे पडले की नवे सील किटही महिनाभर टिकत नाही. नांगर उचलून ठेवला आणि आपोआप खाली येऊ लागला तर आतून गळती आहे असे समजावे.

वेल्डिंग : जॅकच्या नळकांड्यावर किंवा तेल भरलेल्या पाईपजवळ वेल्डिंग करू नये. आत कोंडलेले तेल तापून स्फोट होऊ शकतो. जॅक काढून, रिकामा करून, जाणकाराकडूनच काम करून घ्यावे.

रिलीफ व्हॉल्व्ह : भार जास्त झाला की तेलाला परत वाट देणारा हा व्हॉल्व्ह असतो. "जरा आवळला की जास्त उचलतं," म्हणून काही जण तो आवळतात किंवा आत वायसर टाकतात. मग जादा दाब बाहेर पडायला जागा राहत नाही आणि पाईप किंवा पंप फुटतो. ट्रॉली उचलत नसेल तर खेप कमी भरावी, व्हॉल्व्हला हात लावू नये.

बर्फात तेल घट्ट, आपल्याकडे पातळ

लडाखच्या वाटेवर झोजी ला हा साडेअकरा हजार फुटांवरचा घाट आहे. हिवाळ्यात तिथे रस्ता बर्फाखाली जातो आणि सीमा रस्ते संघटनेची यंत्रे तो मोकळा करतात. त्या यंत्रांची पाती आपल्या लोडरप्रमाणेच हायड्रॉलिकने उचलली आणि दाबली जातात. तिथे कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होते, म्हणून ते आधी गरम होऊ द्यावे लागते. आपल्याकडे उलटे. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेल पातळ होते, गळती वाढते, लिफ्ट सुस्त पडते. दुपारच्या उन्हात लिव्हर सतत ओढून धरू नये, हौदा टोकाला पोचला की लिव्हर सोडावा. तेल फारच तापले तर तासभर विश्रांती द्यावी. हवामान वेगळे, यंत्राचा आकार वेगळा, पण पाते खाली टेकवल्याशिवाय त्याखाली हात घालायचा नाही, हा नियम झोजी ला घाटातही तोच आणि रेणापूरच्या शिवारातही तोच.

हौदा उचलताना वर बघा

शेतातून गेलेल्या विजेच्या तारा हा वेगळा धोका. जुन्या लाईनच्या तारा कधी कधी खाली लोंबलेल्या असतात. हौदा उभा करण्यापूर्वी मान वर करून पाहावे. तार जवळ असेल तर ट्रॉली पुढे न्यावी. हौदा उभा ठेवून ट्रॅक्टर हाकू नये. जमीन सपाट आणि घट्ट असावी, टायरची हवा सारखी असावी, दोन्ही बाजूंना कोणी उभे नसावे.

हौदा तारेला लागलाच तर ड्रायव्हरने खाली उतरू नये, बसूनच राहावे. इतरांनी लांब उभे राहून महावितरणला कळवावे आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणी जवळ जाऊ नये. आग लागून उतरणे भागच पडले तर ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होऊ न देता, दोन्ही पाय जोडून उडी मारावी आणि पाय न उचलता घासत घासत दूर जावे.

खाली शिरतो तो कोण?

शेवटी एका गोष्टीकडे ट्रॅक्टरमालकांचे लक्ष वेधावेसे वाटते. शेतकऱ्याच्या अपघातासाठी शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघाती मृत्यू झाल्यास तीत दोन लाख रुपये मिळतात. पण ही योजना सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. उभ्या हौद्याखाली पाना घेऊन शिरणारा बहुतेक वेळा ड्रायव्हर किंवा सालगडी असतो. त्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. तो जायबंदी झाला तर या योजनेतून त्याच्या घरी काही येत नाही. बायको, लेकरे आणि उचल घेतलेले पैसे एवढे मागे राहते.

म्हणून मालकाने चार गोष्टी कराव्यात. ट्रॉलीला टेकूदांडी बसवून घ्यावी. फुगलेला पाईप पुढच्या हंगामावर न ढकलता आजच बदलावा. ड्रायव्हरचा स्वतंत्र अपघात विमा उतरवावा, बँकेतून उतरवता येणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता अवघा वीस रुपये आहे. आणि सर्वात महत्त्वाचे, "लवकर कर, खेप खोळंबलीय" असे त्याला म्हणू नये. मालकाच्या या एका वाक्यामुळे टेकू लावायचा राहून जातो.

ड्रायव्हर बांधवांनीही एवढे ध्यानात ठेवावे : मालक ओरडला तरी चालेल, टेकू लावल्याशिवाय खाली शिरायचे नाही. पाईप दुकानात मिळतो, जॅक दुरुस्त होतो, बुडालेली खेप उद्या भरून निघते.

ऊस आणि गाळाचा हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस ट्रॅक्टर दारात उभा करून ही तपासणी करून घ्यावी. टूलबॉक्सच्या तळाचे ते पुस्तक त्या दिवशी बाहेर काढावे आणि वाचता येणाऱ्या पोराकडून ड्रायव्हरला मोठ्याने वाचून दाखवावे. काही अडले तर आपल्या गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला विचारावे.